पायमोज्यातलं कुसळ : अंटार्क्टिकाच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन व्यावसायिकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तुमच्यापैकीच एका कंपनीच्या गटाबरोबर मी अंटार्क्टिकाला जाऊन आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते तुम्हा सगळ्यांना उद्देशून आहे. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतला मोठा वाटा या एका प्रवासावर खर्च केला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तिथून आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती तुमच्याशी बोलल्याशिवाय जाणारही नाही.

निघण्याआधी दोन-अडीच महिने पुण्यातल्या एका सभागृहात आमची माहिती-सभा झाली. चांगली तीन तास चालली. कपड्यांचे थर किती, बोट लागली तर कोणती गोळी घ्यायची, जहाजावर शाकाहारी जेवणाचं काय, डॉलर किती ठेवायचे, हे सगळं आपुलकीनं समजावून सांगितलं. "रोज चाला, जमलं तर गड चढा, नवे बूट पायाला बसू द्या," असंही सांगितलं. मी तो सल्ला मनापासून पाळला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर रविवारी सिंहगड चढले, प्रवासासाठी घेतलेले तेच बूट आणि तेच जाड लोकरीचे पायमोजे घालून. पाऊस संपून गवत वाळलेलं होतं. त्या दिवसांत गडावर जाऊन आलेल्या माणसाच्या कपड्यांत काय काय अडकलेलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

अर्जेंटिनातल्या उशुआइया बंदरातून जहाज सुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका मोठ्या खोलीत बोलावलं. किनाऱ्यावर न्यायचं सगळं बरोबर आणायचं होतं : जाकीट, पँट, टोपी, हातमोजे, कॅमेऱ्याची बॅग, पायमोजे. व्हॅक्यूम क्लीनर चालू होते. मोहिमेच्या पथकातली एक तरुण मुलगी खिसे उलटे करून बघत होती, वेल्क्रोच्या पट्ट्यांतला कचरा टोकदार काडीने काढत होती. तिने माझा पायमोजा उजेडाकडे धरला आणि विणीत घुसलेलं एक लांब कुसळ चिमट्याने हळूच ओढून काढलं. टोकाला बी तशीच होती. हे कुठलं, तिने विचारलं. सिंहगडाचं, मी म्हणाले. "बरं झालं, इथेच सापडलं," एवढंच बोलून तिने ते एका पिशवीत टाकलं आणि दुसरा पायमोजा उचलला. त्यात आणखी तीन निघाली.

किनाऱ्यावर उतरताना बूट जहाजाचे असतात, रबराचे. येता-जाताना ते जंतुनाशकात बुडवून घासावे लागतात. पायमोजे मात्र आपलेच असतात. आमच्या शाळेत भूगोलाच्या बाईंना विज्ञानाचेही तास घ्यावे लागत, त्यामुळे गोखरू, आघाडा, कुसळी गवत आणि त्यांचा बीजप्रसार मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले. आणि जगातल्या सगळ्यांत एकाकी खंडाच्या दारात मी स्वतःच ते बी घेऊन उभी होते. मला शरम वाटली. त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की तीन तासांच्या सभेत याबद्दल दोन मिनिटंही कुणी बोललं नव्हतं.

हा बागुलबुवा नाही. २००७-०८ च्या मोसमात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्या प्रवाशांचे आणि संशोधकांचे कपडे, बूट, बॅगा तपासल्या होत्या. ज्यांच्याकडे बिया सापडल्या, त्यांच्याकडे माणशी सरासरी ९.५ बिया निघाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच थंड प्रदेशात तग धरणाऱ्या होत्या. किंग जॉर्ज बेटावर पोलंडचं आर्क्टोव्हस्की हे संशोधन केंद्र आहे. तिथे १९८५-८६ च्या सुमारास पोआ अॅनुआ नावाचं साधं, हिरवळीत सर्रास दिसणारं गवत उगवलेलं आढळलं. ते माणसांबरोबरच तिथे पोचलं, आणि ते उपटून काढण्यासाठी अजून खटपट चालू आहे. अंटार्क्टिकात मूळच्या सपुष्प वनस्पती फक्त दोन, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी छोटी वनस्पती. जिथे दोनच आहेत, तिथे तिसरी उपरी येणं म्हणजे काय, याचा विचार करा.

सिंहगडाचं गवत तिथे जगलं नसतं, असं मला वाटतं. पण तुमचे अंटार्क्टिकाचे ग्राहक कोण असतात? लडाख झालेले, काश्मीर झालेले, स्वित्झर्लंड आणि आइसलँडही झालेले. तेच बूट, त्याच बॅगा, तीच जाकिटं. त्यांच्या शिवणीत थंडी सोसणाऱ्या गवतांच्या बिया असण्याची शक्यता माझ्यापेक्षा किती तरी जास्त आहे. म्हणजे जितका अनुभवी प्रवासी, तितका धोका मोठा. ही गोष्ट तुम्ही सांगायला हवी, कारण ग्राहकाची आधीची दहा वर्षांची यादी तुमच्याच कार्यालयात आहे.

बियांपेक्षाही झपाट्यानं पसरणारं संकट रोगाचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिक द्वीपकल्पावर पोचल्याचं नक्की झालं. तो पक्ष्यांनीच नेला, पर्यटकांनी नाही. पण आता तो तिथे असल्यामुळे एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत बुटाच्या तळव्यावरून तो आपण नेऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. म्हणून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. आमच्या गटातल्या एका काकांचे गुडघे दुखत होते. त्यांना हा नियम तिथे बर्फावर उभं असताना कळला. आधी कळला असता तर त्यांनी दुमडती काठी आणली असती, किंवा त्या दिवशी बोटीतूनच पाहणं पसंत केलं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. अंटार्क्टिकात सहली काढणाऱ्या कंपन्यांची 'आयाटो' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९१ साली सात कंपन्यांनी मिळून काढली. तिच्या नोंदींनुसार १९९१-९२ च्या मोसमात तिथे सुमारे ६,४०० पर्यटक गेले होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १,२२,००० झाले. त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरले, बाकीच्यांनी जहाजावरूनच पाहिलं. त्यापुढच्या मोसमात आकडा थोडा उतरला, पण कल स्पष्ट आहे. पुढच्या दहाएक वर्षांत तो तिप्पट-चौपट होऊ शकतो, असा काही संशोधकांचा अंदाज आहे. आणि हे सगळे लोक एवढ्या मोठ्या खंडावर विखुरलेले नसतात. बहुतेक जहाजं उशुआइयाहून सुटतात, बहुतेक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यालाच जातात, आणि कुव्हरव्हिल, नेको हार्बर, हाफ मून, डिसेप्शन अशा मोजक्या ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च या काळात एकामागून एक थांबतात. तोच पेंग्विनांच्या अंडी उबवण्याचा आणि पिल्लं वाढवण्याचा काळ.

(जाता जाता : आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की भारताचं 'मैत्री' केंद्र दिसेल. 'मैत्री' आणि 'भारती' खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला, हजारो किलोमीटरवर आहेत. माहिती-सभेत एक नकाशा लावला असता तर ही निराशा टळली असती.)

हे थोपवणारा नियम कुठे आहे, म्हणून मी परत आल्यावर शोधायला बसले. जे सापडलं त्यानं झोप उडाली. एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटक किनाऱ्यावर उतरवायचे नाहीत, ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवायचं नाही, एका ठिकाणी एका वेळी एकच जहाज, दर २० जणांमागे एक मार्गदर्शक, हे नियम अंटार्क्टिकाचा कारभार ठरवणाऱ्या अंटार्क्टिक कराराच्या देशांनी २००९ साली मान्य केले. पण करारात निर्णयाचा अधिकार असलेल्या सर्व 'सल्लागार' देशांची मंजुरी पूर्ण न झाल्यामुळे ते अजून कायद्यानं बंधनकारक झालेले नाहीत. पर्यावरणाची हानी झाली तर भरपाई कुणी द्यायची, हे ठरवणारं करारांतर्गत परिशिष्ट २००५ चं. तेही अजून लागू नाही. आज तिथे जी शिस्त दिसते, ती बऱ्याच अंशी कंपन्यांनी स्वतःहून पाळलेली आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. पण नीट बघा, हे सगळे नियम 'एका वेळी किती' याबद्दल आहेत. काही ठिकाणांना 'दिवसाला किती जहाजं' अशीही मर्यादा आहे. 'मोसमात एकूण किती' हा आकडा मात्र कुणीही ठरवलेला नाही. शंभराची तुकडी उतरली, परत गेली, दुसरी उतरली, दुसरं जहाज आलं. प्रत्येक जण नियमात. आणि पेंग्विनच्या बाजूनं पाहिलं तर माणसांचा दिवस संपतच नाही.

हा आकडा ठरवणं सरकारांना जड जातं, कारण अंटार्क्टिका कुणा एका देशाचा नाही आणि तिथला प्रत्येक निर्णय २९ सल्लागार देशांच्या एकमतानं व्हावा लागतो. २०२३ साली या देशांच्या हेलसिंकीतल्या बैठकीत पर्यटनासाठी सर्वंकष चौकट तयार करायचं ठरलं, आणि २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच देशात, कोचीला, त्यासाठीचा स्वतंत्र कार्यगट पहिल्यांदा बसला. मला याचा अभिमान वाटला. पण अशा चौकटीला वर्षं लागतात, आणि जहाजं दर नोव्हेंबरात निघतात.

म्हणून मी हे पत्र दिल्लीला न पाठवता तुम्हाला लिहिते आहे. कारण पुढची वाढ कुठून येणार आहे, ते मला दिसतंय. २०१७-१८ च्या मोसमात चिनी पर्यटकांची संख्या ८,००० च्या पुढे गेली आणि अमेरिकनांनंतर त्यांचा दुसरा क्रमांक लागला. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी ते तिथे जवळजवळ नव्हतेच. एखाद्या मोठ्या देशातल्या मध्यमवर्गाच्या हाती पैसा आणि सुट्टी एकदम आली, की एका दशकात असं होतं. आता आपली पाळी आहे. सहा खंड पाहून झालेली, मुलं परदेशी स्थायिक झालेली, हातीपायी धड असलेली साठीतली माणसं पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर सगळीकडे आहेत, आणि 'सातवा खंड' हे शब्द त्यांना ओढून घेतात. मीही त्यातलीच. आज तुम्ही एखाद्या जहाजावरच्या वीस खोल्या घेता. उद्या अख्खं जहाज घ्याल, परवा मोसमाला तीन-चार. ही वाढ व्हायच्या आधीच तिला कुंपण घालता येतं. झाल्यावर घालता येत नाही, कारण तेव्हा तुमची कार्यालयं, माणसांचे पगार, आगाऊ भरलेले पैसे सगळं तिच्यावर उभं असेल.

आपल्याकडे कायदाही आहे. २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक अधिनियम. तिथे बाहेरच्या वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव परवान्याशिवाय नेणं, पक्ष्यांना त्रास देणं, तिथली माती किंवा जैविक वस्तू उचलून आणणं यांना त्यात मनाई आहे. तुमच्या सहली बहुतेक परदेशी जहाजांवरून जातात आणि परवाना त्या कंपन्यांनी त्यांच्या देशाकडून घेतलेला असतो, त्यामुळे हा कागद तुमच्या टेबलावर फारसा येत नसेल. तरी तो वाचा, आणि ग्राहकाला त्याचं एक पान मराठीत द्या.

एक प्रसंग सांगते. कुव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. समुद्रापासून घरट्यांपर्यंत त्यांनी ये-जा करून बर्फात खोल पायवाटा पाडलेल्या असतात. त्या वाटेत माणसानं उभं राहायचं नसतं, आणि पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं असतं. आमच्या गटाचा फोटो काढायचा होता. कंपनीचा फलक उलगडला, माणसं दोन रांगांत उभी राहिली, कुणी मागून पुढे आलं, कुणाचा चष्मा राहिला. या गडबडीत आम्ही वाटेवर आलो हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. खालून एक जेंटू वर येत होता. चोचीत घरट्यासाठी एक खडा. तो आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबला. डावीकडे दोन पावलं गेला, मऊ बर्फात पोटापर्यंत रुतला, परत वाटेवर आला आणि उभा राहिला. खडा चोचीत तसाच. पथकातल्या माणसानं हात करून आम्हाला बाजूला घेतलं, तोवर तीन-चार मिनिटं तरी गेली असतील. तो आमच्या समोरून वर गेला. सगळ्यांनी आनंदानं फोटो काढले. वर घरट्यावर त्याची जोडीदारीण अंड्यांवर बसलेली असणार आणि आकाशात अंडी पळवणारे स्कुआ फिरत होते.

चार मिनिटांनी काही बिघडलं नसेल. पण त्या दिवशी त्या बेटावर आमच्यासारखे किती गट उतरले असतील, त्या मोसमात किती, आणि दहा वर्षांनी किती? माझी सगळी तळमळ या एका हिशेबाची आहे.

दुसरा हिशेब काजळीचा. २०१६ ते २०२० या काळाच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जहाजांच्या आणि इतर इंजिनांच्या धुरातली काजळी बर्फावर बसून तो काळवंडतो, ऊन जास्त शोषतो, आणि दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळतो. आम्ही गटात ४२ जण होतो. मी वहीत गुणाकार केला : ३,४८६ टन. तुमच्यापैकी काहींच्या जाहिरातीत मी वाचलं आहे, 'बर्फ नाहीसा होण्याआधी पाहून घ्या'. कृपा करून ही ओळ काढून टाका. ज्याचं जाणं आपल्या जाण्यामुळे लवकर घडतं, त्याच्या जाण्याची भीती घालून तिकीट विकायचं हे आपल्या धंद्याच्या रीतीला शोभत नाही. तुम्ही मुंजीचे, लग्नाचे, तीर्थयात्रेचे प्रवास सांभाळून मोठी झालेली माणसं आहात.

अपघाताबद्दल तुम्ही सभेत बोलत नाही, ग्राहक घाबरेल म्हणून. पण साठीपुढच्या माणसाला ते कळायला हवं. २३ नोव्हेंबर २००७ रोजी 'एक्सप्लोरर' नावाचं जहाज दक्षिण शेटलँड बेटांजवळ बर्फाला धडकून बुडालं. खास ध्रुवीय सहलींसाठी १९६९ साली बांधलेलं, या व्यवसायातलं अग्रणी जहाज. १५४ माणसं काही तास उघड्या जीवनरक्षक बोटींत होती. हवा शांत होती आणि जवळ दुसरं प्रवासी जहाज होतं, म्हणून सगळी वाचली. २०१३ च्या डिसेंबरात 'अकादेमिक शोकाल्स्की' बर्फात अडकलं, तेव्हा त्यावरच्या ५२ जणांना चिनी जहाजाच्या हेलिकॉप्टरनं उचलून 'ऑरोरा ऑस्ट्रॅलिस' या ऑस्ट्रेलियन जहाजावर पोचवलं. ते ऑस्ट्रेलियन जहाज एका संशोधन केंद्राला रसद पोचवण्याच्या कामावर होतं, ते काम अर्धवट टाकून आलं. सुटकेला आलेलं चिनी जहाज स्वतःही अडकलं. तिथे रुग्णवाहिका नाही, अग्निशमन दल नाही. आपण अडचणीत आलो की शास्त्रज्ञांचं काम थांबतं. जहाजं वाढतील तशा अशा वेळाही वाढतील.

उत्तर ध्रुवाकडच्या सहलीही तुम्ही आता जोरात काढता आहात. तिकडचा फरक असा की तिथे देश आहेत आणि माणसं राहतात. नॉर्वेनं १ जानेवारी २०२५ पासून आपल्या स्वालबार्ड या ध्रुवीय बेटसमूहाच्या संरक्षित भागांत जहाजावर जास्तीत जास्त २०० प्रवासी, आणि उतरायला फक्त ४३ ठरावीक जागा, असा कायदाच केला. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर लांब राहायचं. यातून मला एवढंच दिसतं की आकडा ठरवता येतो. ठरवणारा मालक असला की ठरतो. ग्रीनलँडमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानी नूकचा मोठा विमानतळ सुरू झाला, आता मोठी विमानं थेट उतरतात. संपूर्ण देशाची वस्ती ५७,००० च्या आसपास. २०१६ साली कॅनडाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या वायव्य सागरी मार्गानं सुमारे १,००० प्रवाशांचं एक जहाज गेलं, तेव्हा ते कॅनडातल्या उलुखाक्तोक या जेमतेम ४०० वस्तीच्या इनुइट गावी थांबलं होतं. आपल्या कोकणातल्या एखाद्या वाडीत एका सकाळी हजार पाहुणे उतरले तर विहिरीवर काय होईल? तिथे जाणार असाल तर गावाला आधी विचारा, पैसे गावात राहतील असं बघा.

आता मागणं. पुढची पाच वर्षं आपण सगळे मिळून दर मोसमाला किती माणसं अंटार्क्टिकाला नेणार, तो आकडा आधी ठरवा आणि जाहीर करा. तो किती असावा हे मी सांगणार नाही, माझा तो अधिकार नाही. गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९८१ च्या डिसेंबरात डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली होती, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवलं. तिथल्या शास्त्रज्ञांना भेटा, त्यांच्याशी बसून आकडा काढा. मग तोच आकडा घेऊन पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला लिहा की, आमचा व्यवसाय असूनही आम्ही एकूण मर्यादेच्या बाजूचे आहोत. पर्यटन कंपन्याच मर्यादा मागताहेत, हे वाक्य भारताच्या प्रतिनिधीला अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत बोलता आलं तर त्याचं वजन माझ्यासारखीच्या शंभर पत्रांहून जास्त असेल.

तुम्ही म्हणाल, मर्यादा घातली की दर चढतील आणि फक्त श्रीमंतच जातील. ही भीती खरी आहे, आणि दर वाढवून गर्दी रोखायला माझा विरोध आहे. पण कैलास-मानससरोवर यात्रेसाठी परराष्ट्र मंत्रालय सोडत काढतं. नंबर लागला नाही तर लोक रागावत नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात. जाण्याआधीची ती वाट पाहणंही यात्रेचाच भाग मानतात. कासच्या पठारावर रोजच्या माणसांना मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, आणि तुमच्याच गाड्या ती पाळून जातात. आपल्या माणसांना हे समजतं. समजावणारा हवा.

आणि हेही म्हणाल की बाई स्वतः जाऊन आल्या, आता इतरांना अडवतात. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. 'जो पाहतो तो जपतो' असं जहाजावर आम्हाला सांगितलं गेलं. माझ्या बाबतीत ते खरं ठरलं का, हे मला या पत्राच्या निमित्तानंच कळणार आहे. मी कुणालाही जाऊ नका म्हणत नाही. सोडतीत नंबर लागला नसता आणि मला तीन वर्षं थांबावं लागलं असतं, तर मी थांबले असते. त्या तीन वर्षांत गोव्याच्या केंद्रातल्या कुणाचं व्याख्यान ऐकलं असतं, आणि सिंहगडासाठी वेगळे पायमोजे घेतले असते.

माहिती-सभेचं मात्र उद्यापासून बदलता येईल, त्याला कुणाच्या एकमताची गरज नाही. नवे, न वापरलेले पायमोजे किनाऱ्यासाठी वेगळे बांधून ठेवा, हे सांगा. वेल्क्रो, खिशांचे कोपरे, कॅमेऱ्याच्या बॅगेचा तळ घरीच साफ करून या, जहाजावर ती शेवटची चाळणी आहे, पहिली नव्हे, हे सांगा. फलकाचा फोटो जहाजाच्या डेकवर काढा. गटाबरोबर जाणाऱ्या तुमच्या व्यवस्थापकाला पेंग्विनांच्या वाटा ओळखायला शिकवा, कारण आमची माणसं पथकातल्या परक्या माणसापेक्षा त्याचंच आधी ऐकतात.

तुमची पुढची माहिती-सभा पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात, कुठेही असेल तर मला बोलवा. मी स्वतःच्या खर्चानं येईन, अर्धा तास द्या. एक भिंग, एक चिमटा आणि माझे ते लोकरीचे पायमोजे घेऊन येईन. परत आल्यावर ते धुतले, तरी विणीत आणखी एक सापडलं होतं.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
पुणे